गच्चीवरून तेजोमेघ

डिसेंबरात ईशाच्या नमाजनंतर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, की इमारतींच्या वर मृग नक्षत्र आलेले असते. चार कोपऱ्यांत चार तारे आणि मध्ये एका रेषेत तीन. या तिघांना आपल्याकडे मृगाच्या पोटातला बाण म्हणतात. बाणापासून दक्षिणेकडे थोडी नजर सरकवली, तर फिकट ताऱ्यांची एक लहानशी ओळ लागते. त्या ओळीतला मधला ठिपका ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, धुरकट दिसतो. तो तारा नाहीच. तो वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग आहे. त्याच्या पोटात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. मराठीत अशा ढगाला तेजोमेघ म्हणतात.

हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तिथून निघाला तेव्हा हिजरी सनाचे पहिलेच शतक चालू होते. इतका प्रवास करून आलेला हा प्रकाश बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीत पोहोचतो, आणि स्टेशनच्या बाजूचे दिवे, टॉवरच्या गच्चीवरचे हॅलोजन आणि रस्त्यावरचे पांढरे एलईडी त्याला शेवटच्या क्षणी गिळून टाकतात. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी आकाशगंगेचा पट्टा कधी पाहिलेला नाही. त्यांच्या आजी-आजोबांनी तो अंगणातल्या बाजेवर पडून पाहिला होता.

तरीही अशा शहरातून तेजोमेघाचा फोटो काढता येतो. त्यासाठी वेधशाळा लागत नाही आणि लाखांचे सामानही लागत नाही. काय लागते, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रकाशाची भिशी

पहिला गैरसमज असा, की दूरची वस्तू म्हणजे लहान वस्तू, म्हणून मोठी दुर्बीण हवी. मृगातल्या तेजोमेघाची आकाशातली रुंदी पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. देवयानी दीर्घिका तर सहा चंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढी लांब आहे. त्या लहान नाहीत, फिकट आहेत. म्हणून वस्तू मोठी करून दाखवणाऱ्या भिंगापेक्षा तिचा प्रकाश साठवणारे साधन महत्त्वाचे ठरते.

आपला डोळा प्रकाश साठवत नाही. तासभर एकटक पाहिले तरी पहिल्या काही मिनिटांनंतर चित्र अधिक उजळत नाही. कॅमेरा मात्र शटर उघडे असेपर्यंत प्रकाश जमा करत राहतो. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेतले डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या या तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो काढला, तेव्हा त्यांना काचेची पट्टी ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली होती. शिक्षणाने ते वैद्य होते. आकाश हा त्यांचा शौक होता.

आज सलग ५१ मिनिटे शटर उघडे ठेवत नाहीत. शहराच्या उजेडात तसे केले तर सगळा फोटोच पांढरा होईल. त्याऐवजी काही सेकंदांचे शेकडो फोटो काढतात आणि संगणकावर एकावर एक रचतात. मुलांना आम्ही हे भिशीच्या उदाहरणाने समजावतो. एका घराचा हप्ता लहान असतो, पण सगळ्यांचे जमले की मोठे काम होते. प्रत्येक फोटोत तेजोमेघाचा थोडा प्रकाश असतो आणि कॅमेऱ्याच्या यंत्रणेतून आलेला दाणेदार कचराही असतो. प्रकाश दरवेळी एकाच जागी येतो, कचरा दरवेळी वेगळ्या जागी पडतो. रचत गेले की प्रकाश साठतो आणि कचरा एकमेकांना खोडतो. १०० फोटो रचले तर चित्र एका फोटोपेक्षा १० पट स्वच्छ होते. ९०० रचले तर ३० पट. म्हणजे पुढची प्रत्येक सुधारणा आधीपेक्षा जास्त सब्र मागते.

रचण्याचे काम करणारी डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही ती चालतात, फक्त वेळ घेतात.

पृथ्वी थांबत नाही

दुसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. आकाश तासाला १५ अंश सरकते. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असेल तर काही सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. यासाठी हौशी लोक एक सोपा हिशेब वापरतात. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचे, येईल तेवढे सेकंद शटर उघडे ठेवायचे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १० सेकंद. साध्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, म्हणून त्यात ६ सेकंद धरावेत. मोबाईलची लेन्स रुंद कोनाची असते. तिला मॅन्युअल किंवा प्रो मोडवर २० सेकंदांपर्यंत मुभा मिळते, आणि त्यात मृगाचा आकार आणि तेजोमेघाचा गुलाबी ठिपका येतो.

साध्या मोबाईलच्या किमतीत जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स मिळून जाते. ६ सेकंदांचे २०० फोटो, म्हणजे एकूण २० मिनिटांचा प्रकाश. एवढ्यात तेजोमेघाचे पसरलेले पंख दिसू लागतात. शेवटी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीसेक काळे फोटो घ्यावेत. त्यांत कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष उतरतात आणि सॉफ्टवेअर ते मूळ चित्रातून वजा करते.

यापुढे जायचे तर कॅमेऱ्याने आकाशाबरोबर फिरले पाहिजे. त्यासाठी मोटार असलेले माउंट मिळतात, पण ते महाग पडतात. शाळेत किंवा सुताराकडे करता येईल असा उपाय म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या. खालची फळी स्थिर, वरच्या फळीवर कॅमेरा. बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर खालच्या फळीत ६ मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा. या बोल्टचा आटा एका फेऱ्यात १ मिलिमीटर पुढे जातो. दर मिनिटाला बोल्टचा एक फेरा दिला की वरची फळी पृथ्वीच्याच गतीने उघडत जाते. गणिताच्या पुस्तकातली त्रिज्या आणि कोन इथे हाताला लागतात.

फक्त बिजागरीची रेषा ध्रुवताऱ्याकडे रोखलेली हवी. ध्रुव क्षितिजापासून किती वर आहे हे आपल्या गावाच्या अक्षांशावर ठरते. बदलापूर सुमारे १९ अंश उत्तरेला आहे, म्हणून इथे ध्रुवही उत्तर क्षितिजापासून १९ अंशांवर आहे. हात ताठ करून मूठ धरली की ती अंदाजे १० अंश व्यापते. उत्तरेला दोन मुठींपेक्षा किंचित खाली जो एकटा, मंद तारा दिसेल तो ध्रुव.

दक्षिणेकडे झुकलेल्या आपल्या या जागेचा एक फायदाही आहे. वृश्चिक आणि धनू या राशींमध्ये तेजोमेघांची दाटी आहे. लंडनच्या आकाशात त्या क्षितिजाला चिकटून जातात. आपल्याकडे त्या आकाशात अर्ध्यावर चढतात. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर, मान्सूनचे ढग येण्याआधी, त्या फोटोला मिळतात. जून ते सप्टेंबर मात्र सामान कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

हिजरी तारीख पाहा

या छंदाला लागणारे एक कॅलेंडर आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेले आहे. चंद्राचा उजेड तेजोमेघाला शहराच्या दिव्यांइतकाच मारक असतो, आणि हिजरी तारीख म्हणजे चंद्राचा थेट हिशेब. १२ ते १७ या तारखांना चंद्राचेच फोटो काढावेत. २१-२२ तारखेला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे ईशानंतरचे तीन तास अंधाराचे मिळतात. २७ पासून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत जवळजवळ सगळी रात्र आपली.

२९ तारखेला मगरिबच्या वेळी गच्चीवर चंद्र पाहायला गर्दी होते. चंद्रकोर दिसली की सगळे एकमेकांना मुबारकबाद देऊन खाली उतरतात. कोर तासाभरात मावळते. तेजोमेघ टिपणाऱ्याचे काम तिथून सुरू होते.

थंडीच्या रात्री उल्हास नदीच्या बाजूने दव येते आणि तासाभरात लेन्स धुरकट होते. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी मिळते. ती लेन्सभोवती गुंडाळली की काम भागते. मुलांना दोन गोष्टी आधीच बजावून ठेवाव्यात. दिवसा कॅमेरा किंवा दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखायची नाही, आणि कठड्याला टेकून आकाश पाहायचे नाही.

हा शौक आपल्याला परका नाही

अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास इराणात ताऱ्यांवरचा 'सुवरुल कवाकिब' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी देवयानीच्या जागी एका लहानशा ढगाची नोंद केली. दुर्बिणीचा शोध त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी लागला. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूरची वेगळी दीर्घिका आहे, हे १९२० च्या दशकात सिद्ध झाले. ती आधी पाहिली आणि लिहून ठेवली नुसत्या डोळ्यांनी.

ताऱ्यांची नावेही आपल्या ओळखीची आहेत. मृगातला निळसर तारा राजन्य जगभर रायजेल म्हणून ओळखला जातो. तो मूळ अरबी 'रिज्ल', म्हणजे पाय. कृत्तिका म्हणजे सुरय्या. हे नाव आपल्या किती तरी आत्या-मावश्यांचे असते. सुरय्याच्या मागोमाग उगवते ती रोहिणी. तिचे जगभरचे नाव अल्देबरान, म्हणजे मागून येणारी. या सुरय्याभोवती धुळीचा एक निळा पदर आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या जागेवरून तासाभराचा प्रकाश रचला की फोटोत उतरतो.

आकाशाच्या फोटोंचा इतिहास आपल्या प्रदेशातूनही जातो. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी त्या काळात पुण्यातून याच मृगातल्या तेजोमेघाच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. ही वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

हैदराबादेत नवाब जफर जंग या अमिराने स्वतःच्या शौकापोटी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण मागवली आणि १९०१ मध्ये वेधशाळेचा पाया घातला. १९०८ मध्ये संस्थानाने ती ताब्यात घेतली, तीच निजामिया वेधशाळा. सगळ्या आकाशाचे फोटो काढून नकाशा करण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प १८८७ मध्ये पॅरिसला ठरला होता. जगभरच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. त्यातला एक पट्टा हैदराबादने केला. काचेच्या पट्ट्यांवर आकाश टिपायचे आणि मग एकेका ताऱ्याची जागा मोजून वहीत उतरवायची, हे काम तिथे अनेक वर्षे चालले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. एका माणसाच्या शौकातून सुरू झालेले काम जगाच्या कामाला आले.

रंग खरा की खोटा?

फोटो दाखवला की मुले हमखास विचारतात, "टीचर, हा रंग मोबाईलवर घातलाय ना?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

तेजोमेघातला हायड्रोजन खरोखर लाल प्रकाश देतो. त्याची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर आहे. अंधुक उजेडात आपला डोळा रंग ओळखत नाही. दिवा विझवल्यावर लाल ओढणी काळी दिसते ना, तसेच. म्हणून दुर्बिणीतून पाहिले तर तेजोमेघ राखाडी दिसतो आणि फोटोत लालसर. इथे फोटो खरा आहे, डोळा अपुरा आहे.

हबल दुर्बिणीच्या प्रसिद्ध चित्रांत गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाला एकेक रंग नेमून दिलेला असतो. २०२२ पासून येणारी वेब दुर्बिणीची चित्रे तर अवरक्त प्रकाशाची आहेत. तो प्रकाश आपल्याला दिसतच नाही. तिथले रंग नकाशातल्या रंगांसारखे आहेत. नकाशात महाराष्ट्र पिवळा रंगवला म्हणून कुणी खोटे बोलत नाही, फक्त तळाला सूची द्यावी लागते.

म्हणून आम्ही मुलांना एक शिस्त लावली आहे. फोटोखाली तारीख, जागा, लेन्स, किती सेकंदांचे किती फोटो आणि रंगांचे काय केले ते लिहायचे. कुठल्या तरी वेधशाळेचे चित्र आपल्या गच्चीचे म्हणून स्टेटसला लावणे सोपे आहे. आपला फिकट फोटो त्याच्या हिशेबासह लावायला हिंमत लागते.

मुलीला रात्री कुठे पाठवू?

शहराच्या उजेडावर फिल्टरचा तोडगा आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा ठरावीक रंग तेवढा आत घेऊन बाकीचा उजेड अडवणारे फिल्टर मिळतात. तेजोमेघांसाठी ते मांजर्लीतही काम करतात. दीर्घिकांसाठी करत नाहीत. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, आणि ताऱ्यांच्या प्रकाशात सगळेच रंग असतात. रस्त्यावरचा पांढरा एलईडी अडवला तर दीर्घिकाही अडते. तिच्यासाठी अंधाराकडेच जावे लागते.

आपल्याकडे तो अंधार पुढच्याच स्टेशनवर, वांगणीला होता. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. लोकलने जाऊन तारे पाहता येतात हे कित्येक मुंबईकरांना वांगणीनेच शिकवले. आता वांगणीतही इमारती उभ्या राहत आहेत आणि बदलापूरचा उजेड आकाशात तिथपर्यंत पोहोचतो. तरी स्टेशनपासून आत शेतांकडे गेले की फरक कळतो. सुरय्याचे आमच्या गच्चीवरून चार तारे मोजता येतात, तिथल्या शेतातून सहा.

मुलांना आम्ही शेतात जायला सांगतो तेव्हा मुलगे लगेच तयार होतात. मुली घरी विचारतात. गेल्या हिवाळ्यात दहावीतल्या एका मुलीने देवयानीचा फोटो काढायचा हट्ट धरला. बिजागरीच्या फळीचा हिशेब वर्गात सगळ्यांत आधी तिलाच जमला होता. तिचे अब्बा अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला आहेत. ते शाळेत येऊन म्हणाले, "टीचर, पोरगी हुशार आहे, मला माहीत आहे. पण रात्री मुलीला कुठे पाठवू? लोक मला विचारतील."

त्यांचे म्हणणे खोडण्यात अर्थ नव्हता. त्यांची काळजी खरी होती. आम्ही म्हटले, "पाठवू नका. घेऊन या. तिच्या अम्मीलाही घेऊन या."

नोव्हेंबरात, हिजरी २८ तारखेला, आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यावर तीन घरची माणसे जमली. सतरंज्या, चहाचा थर्मास, लाल कागद लावलेली बॅटरी. मुलीने ६ सेकंदांचे ३०० फोटो घेतले. मध्ये तिच्या अब्बांनी आकाशाकडे पाहत विचारले, "हा धूर कसला?" तो धूर नव्हता, आकाशगंगा होती. लहानपणी गावाला ती पाहिल्याचे त्यांना मग आठवले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर तिरप्या तबकडीसारखा एक धूसर आकार उमटला. फार देखणा नव्हता. अब्बांनी तो मोबाईलवर मागून घेतला आणि कारखान्यात दाखवला. पुढच्या महिन्यात २७ तारीख जवळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच निरोप पाठवला, "टीचर, या वेळी कुठे जायचं?"

मुलींना रात्रीचे आकाश मिळत नाही याचे कारण आकाशात नाही. घरातले कुणी सोबत निघाले की ते मिळते. आणि निघणे शक्य नसेल तेव्हा गच्ची आहेच. ती पहिल्या पाच-सहा तेजोमेघांना पुरून उरते.

अंधारही सांभाळावा लागतो

वीज हवी, रस्त्यावर दिवे हवेत, रात्री कामावरून परतणाऱ्या बायकांना तर हवेतच. प्रश्न दिव्यांचे तोंड कुठे आहे एवढाच आहे. वर तोंड केलेला दिवा रस्ता उजळत नाही, ढगांची पोटे उजळतो. दिव्याला वरून टोपी असली की तेवढ्याच विजेत रस्त्यावर जास्त उजेड पडतो. पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. पिवळसर दिवे लावले तर ते कमी होते.

आमच्या इमारतीत आम्ही सेक्रेटरींना एवढेच विचारले, की गच्चीवरचे हॅलोजन अकरानंतर कुणासाठी चालू असतात? कुणासाठीच नव्हते. आता ते अकराला बंद होतात आणि सोसायटीचे बिलही थोडे उतरले आहे. असे प्रत्येक सोसायटीत, हॉलवर, शाळेवर, मशिदीच्या आवारात विचारता येईल.

वाचकांनी येत्या हिजरी महिन्याची २७ तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. त्या रात्री घरातल्या मुला-मुलींना घेऊन गच्चीवर जावे, वीस मिनिटे मोबाईल खिशात ठेवून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी, आणि सुरय्याचे किती तारे दिसतात ते मोजून तारखेसह वहीत लिहावे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजावे. ही पहिली नोंद झाली की कॅमेऱ्याची गोष्ट पुढे आपोआप निघते.